वाटेच्या सहा वाट्या

३ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहिते आहे. फोन तू दोनदा कापलास. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिला बोलू नकोस, मीच फार गळ घातली.

कामाचंच लिहिते. पाटाची नवी मोजणी चालू आहे. मोजणी खात्याकडून एक मुलगी आली आहे, तुझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. खिशाला दोन पेनं, पायात पुरुषी बूट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर ना, मावशी?" डोंगराच्या पोटातून येणारा आपला भुयारी पाट ती दोर लावून आत उतरून पाहून आली. वर आली तेव्हा चिखलाने माखलेली, आणि म्हणाली, "इतका सरळ उतार आम्हाला यंत्र लावूनही साधत नाही." मला उगाच बरं वाटलं, जसा काही मीच खणला होता.

तर आता पाण्याच्या पाळ्या मोजायची वाटी बंद होणार. मुख्य दाराला विजेची फळी बसेल, ती घड्याळाप्रमाणे आपोआप उघडेल आणि पडेल. एक वाटी म्हणजे किती मिनिटं, ते एकदा ठरवून कागदावर चढवायचं, की झालं. मग वाटी पाणी-कचेरीत काचेच्या पेटीत. मी विचारलं, ती सांभाळणाऱ्या मला पण शेजारी बसवणार का? ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

प्रश्न शेवटच्या शेताचा आहे. तुमच्या. एकवीस वर्षं तिथे कोणी पाणी घेतलं नाही, म्हणून नव्या वेळापत्रकात त्या पाळीची ओळ कोरी आहे. तेवीस मार्चच्या बैठकीपर्यंत कोणी हक्क सांगितला नाही तर ओळच निघेल आणि ते पाणी कायमचं वरच्या तळ्याला जाईल. सोबत कागद ठेवला आहे. त्यावर भाऊजींची सही हवी. बाकी काही करायचं नाही. यायचंही नाही.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात. वाटीला खार धरतो, तो अधूनमधून काढावा लागतो. एवढंच.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

धाकटे,

कागद आला नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज टपालवाल्याच्या सायकलकडे पाहत होते. त्याने शेवटी विचारलं, "कोणाचं यायचंय, बाई?" मी म्हटलं, बियाण्याची यादी.

मोजणीवाल्या मुलीला काल सगळं पहिल्यापासून समजावलं. छपरीखाली बसले, हंड्यात स्वच्छ पाणी भरलं, त्यावर वाटी तरंगत सोडली. तळाच्या भोकातून पाणी आत चढतं, वाटी भरते, आणि गुळकन बुडते. बुडली की थाळीवर एक टोला. टोला ऐकून ज्याचं त्याने मोजायचं. तिने विचारलं, रानात सगळ्यांना ऐकू जातो? म्हटलं, शेवटच्या शेतापर्यंत जातो, वारा पडलेला असला की.

मग वाटेच्या वाट्यांचं सांगितलं. वरच्या शेतांना दारातून पाणी लगेच मिळतं. शेवटच्या शेतापर्यंत पोचायला त्याला सहा वाट्यांचा वेळ लागतो. ती वाट काही शेतकऱ्याने प्यालेली नसते, म्हणून शेवटच्या शेताच्या पाळीला वाटेच्या सहा वाट्या आणि हक्काच्या चार, अशा दहा. दहावा टोला पडला की शेवटच्या दारापाशी पाणी हौदात वळवायचं. मागून येणारं शेपटीचं पाणी जनावरांचं. तिला हे फार आवडलं. म्हणाली, "म्हणजे तुमच्या पूर्वजांनी अंतरालाही वाटा दिला होता."

सांगता सांगता तू डोळ्यांसमोर आलीस. शेवटच्या पाळीला वाटीवर बसलेले बाबा फळी उचलायला सांगायचे आणि आपण दोघी कोरड्या पाटात उतरून पाण्याच्या तोंडापुढे चालायला लागायचो. मागून ते यायचं, वाळकी पानं आणि मुंग्या ढकलत, फेसाची मिशी घेऊन. तू अनवाणी. टाचेला पाणी लागलं की हरलो, हा नियम तुझाच. सहाव्या टोल्याला आपण शेवटच्या बांधावर पोचायचो आणि पाणी आपल्या मागोमाग. पुढे तुला त्याच शेताच्या घरी दिली तेव्हा बाबा म्हणाले होते, "हिला पाण्यापुढे चालायला पाठवलं, ही तिकडेच राहिली."

मुलीने खिशातून घड्याळ काढून वाटी मोजली. पाच वेळा. दर वेळी साडेवीस मिनिटं. तिच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, दिवसाच्या तीस वाट्या ना? बारा तासांच्या तीस, म्हणजे एक वाटी चोवीस मिनिटांची हवी."

मी म्हटलं, "भोक झिजलं असेल. तांबं ते तांबं."

तिने पेन्सिलीने साडेवीस लिहिलं. वापरातली वाटी तीच खरी, म्हणाली, बैठकीत मंजूर झालं की शाईने लिहू.

भाऊजी तेव्हा जे म्हणत होते ते तुला आठवत असेलच. जाऊ दे.

ताई


१ मार्च

धाकटे,

हे पत्र तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

भोक झिजलेलं नाही. तुला ते दाभण आठवतं का? लाकडी मुठीचं, पोती शिवायचं. बावीस वर्षांपूर्वी याच दिवशी वाटी माझ्या हातात यायची होती. आदल्या दिवशी मी ओसरीच्या पायरीवर बसून ती घासत होते. बाबांची नजर गेल्यापासून तिच्यावर खाराचा पापुद्रा जमला होता, आणि मला ती लखलखीत करून छपरीखाली न्यायची होती. सगळे बघायला येणार होते. बाईच्या हातात वाटी म्हणजे बघण्याजोगी गोष्टच. थोरले पंच आधीच बोलून गेले होते, "पोळपाट-लाटणं सोडून ही आता पाणी लाटणार."

तू माहेरी आली होतीस. माझ्या शेजारी बसून मटार सोलत होतीस, निम्मे खात होतीस. भोकातला खार निघेना. तूच आतून दाभण आणून दिलंस आणि म्हणालीस, "ताई, जपून. नवरीचं तोंडसुद्धा इतकं कोणी घासत नाही."

मी दाभण घातलं. अडकलं. जरा पिरगाळलं. कडेचा एक कण निघून पायरीवर पडला. मला वाटलं, खार. बोटाने उचलला तर लाल होता. तांबं.

एका केसाएवढंच होतं ते. मी फुंकून टाकलं. तू काही विचारलं नाहीस, तू मटार खात होतीस.

एवढंच झालं, धाकटे. हाताची चूक. केसाएवढ्याने इतका फरक पडतो हे मला कुठून कळणार? भाऊजी म्हणत होते ते खरं होतं, एवढं त्यांना सांग. पाणी सातव्या वाटीला पोचत होतं कारण वाटीच लवकर बुडत होती. पाणी तेवढाच वेळ घेत होतं.

सहीचं पाहा. बावीस दिवस राहिले.

ताई


९ मार्च

धाकटे,

मागचं पत्र टपालात टाकून घरी आले आणि आंघोळीचं पाणी काढताना हातातलं भांडं तसंच राहिलं. मी तुला पुन्हा एकदा फसवलं होतं, तेही माफीच्या पत्रात. "मला कुठून कळणार" असं लिहिलं. मला कळलं होतं. तीन आठवड्यांत कळलं होतं.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं, बाबांनी फक्त मला सांगितलं होतं. वाटी खरी की खोटी हे वर्षात एकाच दिवशी कळतं, दिवस आणि रात्र सारखी असते त्या दिवशी. मार्चची वीस तारीख. सूर्याची कड दिसली की पहिली वाटी सोडायची आणि कड बुडेपर्यंत मोजत राहायचं. तीस भरल्या पाहिजेत. एरवी उन्हाळ्यात तीस वाट्या उजेडात संपतात, हिवाळ्यात दिवे लागतात, म्हणून कोणाच्या काही लक्षात येत नाही. तो एक दिवस वाटीची परीक्षा.

त्या वर्षी बाबा खाटेवरून उठू शकत नव्हते. मी एकटी बसले. तीस झाल्या तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. एकतीस. बत्तीस. मी पाणी बदललं, हंडा सारखा केला, वाटी पुसली. शेवटची बुडाली तेव्हा पस्तीस झाल्या होत्या.

घरी आले. बाबा छताकडे तोंड करून पडले होते. त्यांनी विचारलं, "किती भरल्या?"

मी म्हटलं, "तीस."

ते म्हणाले, "मग झालं," आणि कुशीवर वळून झोपले. मला वाटतं त्या वर्षात ते तेवढेच एकदा शांत झोपले. पण बाबांच्या झोपेसाठी मी खोटं बोलले असं म्हटलं, तर तेही खोटंच. मला वाटी हवी होती. तुझ्याकडे शेत होतं, माणूस होता, पोटात लेक होती. लोक मला गमतीत म्हणायचे, हिचं वाटीशी लग्न लागलं. मला ती गंमत आवडायची. वाटी बिघडवली म्हटल्यावर पंचांनी ती परत घेतली असती, मला फक्त एवढंच दिसलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी कुठून पाहत होते ते माहीत नाही. भाऊजी पहिल्यांदा छपरीखाली आले तेव्हा चिडलेलेसुद्धा नव्हते. "वन्सं, पाणी हल्ली सातव्याला येतंय. आजोबांपासून सहाव्याला यायचं. दहातल्या सात वाटेतच जातात, चाराच्या जागी तीनच हातात राहतात." मला वन्सं म्हणायचे ते गमतीने, आठवतं? मी तुझ्या नवऱ्याची बहीण कशी, म्हणून तू हसायचीस. मी त्यांना म्हटलं, "यंदा धार बारीक आहे, भाऊजी. पाणी कमी असलं की चाल मंदावते."

हे कारण मीच त्यांना दिलं. बैठकीत सगळ्यांनी तेच त्यांच्या तोंडावर मारलं. थोरले पंच म्हणाले, "पाण्याला संधिवात झाला असेल." कोणी म्हणालं, तुझ्या बाजूचा पाट तुंबलाय आणि दोष वाटीला. आणि नाव पडलं, सातवी वाटी. "काय सातवी वाटी, आज पाणी चपला घालून आलं की अनवाणी?"

मग ते कुदळ घेऊन पाटात उतरले. आठ दिवस. एकटे. शेवटच्या दारापासून वरपर्यंत त्यांनी तळ खरवडून काढला, मुळ्या तोडल्या, भेगांना चिखल लावला. मी छपरीखालून रोज त्यांची टोपी पुढे सरकताना पाहत होते. नवव्या दिवशी पाळी होती. पाणी सातव्या टोल्यालाच पोचलं. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, अंतर फार होतं. टोला मात्र मीच दिला होता.

पुढच्या पाळीला त्यांनी एक वाटी आधी स्वतः फळी उचलली आणि दारावरच्या फळीवाल्याने त्यांना धरलं. पाणीचोरीची शिक्षा तीन पाळ्या बंद, तीही भर उन्हाळ्यात. बैठकीने मला विचारलं, वाटी बरोबर आहे ना? मी म्हटलं, आहे. जर्दाळूची चाळीस झाडं. आधी पानं वळली, मग साल सुटली.

तीस वाट्या लवकर संपून वाचलेलं पाणी रोज संध्याकाळी तळ्यात जात होतं. वरचे सगळे म्हणायचे, यंदा तळं कसं छान भरलंय.

गाव सोडताना बसपाशी तू मला विचारलंस. सहावा महिना, एका हातात पिशवी, दुसरा कमरेवर. "ताई, एकदाच सांग. वाटी बरोबर आहे ना?" आणि मी म्हटलं, "वाटी खोटं बोलत नाही."

ते मात्र खरं होतं.

बाबा दोन वर्षांनी गेले. त्यानंतर दुरुस्त करता आली असती. पण दुरुस्त केली तर आधी बिघडली होती हे कळलं असतं. म्हणून दर वर्षी वीस मार्चला मी बसत राहिले आणि मोजत राहिले. पस्तीस. एकवीस वेळा पस्तीस. जशा काही एखाद्या वर्षी आपोआप तीस होणार होत्या.

आता सही मागत नाही. सहीचा कागद हे एक निमित्त होतं, हे तुला पहिल्याच पत्रात कळलं असेल.

ताई


१७ मार्च

धाकटे,

काल कार्ड आलं. वर नाव नाही, खाली नाव नाही, पण र चा पाय अजून तसाच लांब काढतेस.

"यांनी चारही पत्रं स्वतः वाचली. पडून असतात, कमरेचं हाड मोडलं. विचारतात, आता किती वाट्यांना पोचतं?"

बस, एवढंच. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग स्वयंपाकघरात नेऊन चष्मा पुसून वाचलं. शिव्या असत्या तर सोपं गेलं असतं. तुझ्या लेकीकडून कळलं होतं की भाऊजी शहरात नळ दुरुस्त करतात. कोणाच्या घरी नळ गळत असेल तर ते थेंब मोजत असतील का, असं तेव्हा मनात आलं होतं. आज वाटतं, मोजत असतीलच.

त्यांना उत्तर द्यायचं तर खऱ्या वाटीने द्यायला हवं. मी सकाळीच तांबटाकडे गेले. म्हाताऱ्याने वाटी उजेडाला धरून एक डोळा मिटला. "हे कोणी केलं?"

"मी."

"कशाने?"

"दाभणाने."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान मुलीसारखी पदराशी चाळा करायला लागले. म्हणाला, "भोक पाडायला अक्कल लागत नाही, बाई. कमी करायला लागते." त्याने भोक बुजवलं आणि नवं पाडलं. वेळ मोजला, पुन्हा बुजवलं. सहाव्या खेपेला चोवीस मिनिटं आली. दुपार झाली होती. मजुरी विचारली तर म्हणाला, "आधी पंचांना सांगून ये."

पंचांच्या आधी फळीवाल्याला सांगितलं. तोच, ज्याने भाऊजींना धरलं. आता त्याचे दात गेलेत, कानही निम्मे. मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. त्याने तंबाखू मळता मळता थांबून विचारलं, "म्हणजे तो चोर नव्हता?"

"नव्हता."

"मी त्याची कॉलर धरली होती," तो म्हणाला. उठून मागच्या खोलीत गेला आणि कुदळ घेऊन आला. म्हणाला, "शेवटचा पाट गवताने भरलाय. साफ केल्याशिवाय मोजून काय कळणार?"

उद्यापासून लागतो.

ताई


२० मार्च

धाकटे,

संध्याकाळ आहे. हाताला फोड आलेत, अक्षर सांभाळून घे.

परवापासून मी आणि फळीवाला पाटात आहोत. तो खणतो, मी उपसते, दर दहा हातांवर दोघं आळीपाळीने कण्हतो. त्याने काल विचारलं, "त्याने हे एकट्याने आठ दिवसांत केलं?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग आपण त्याला सातवी वाटी का म्हणायचो?" मी म्हटलं, मी नाही म्हणायचे. आणि लगेच वाटलं, हे काय बोलले. म्हणण्याची गरजच कुठे होती मला.

आज मात्र पाटात गेले नाही. आज वाटीचा दिवस. मोजणीवाली मुलगी पहाटेच डबा घेऊन छपरीखाली येऊन बसली. तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती रागावली नाही, तेही जड गेलं. फक्त म्हणाली, "मावशी, पेन्सिलीने लिहिलं होतं ते बरं झालं."

सूर्याची कड दिसली. वाटी सोडली. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. अठ्ठावीसच्या सुमारास मी वाटी सोडून उन्हाकडेच पाहायला लागले. ऊन भिंतीवरून उतरलं, मग अंगणातून गेलं. एकोणतीस. फळीवाला कुदळ खांद्यावर टाकून परत येत होता, तोही दारात थांबला. तीस आणि सूर्य एकदमच बुडाले. अगदी एकदम नाही, वाटी क्षणभर मागे होती. बाबांच्या वेळीही असायची.

घरी आले. बाबांची खाट अजून त्याच खोलीत आहे, तिच्यावर आता रजया ठेवते. दारात उभी राहून म्हटलं, "तीस." रजयांना.

तीन दिवसांनी बैठक.

ताई


२४ मार्च

धाकटे,

आधी बैठकीचं, मग दुसरं.

मी उभी राहिले आणि सांगितलं. दाभण, पस्तीस, तीस, सगळं. बसून सांगितलं असतं तर चाललं असतं, पण तेव्हा भाऊजींना उभं ठेवलं होतं. थोरले पंच आता नाहीत, त्यांचा मुलगा त्या खुर्चीत बसतो. तो म्हणाला, "मावशी, आता हे उकरून काय मिळणार?" मागून कोणी म्हणालं, "म्हणजे बावीस वर्षं आम्ही सगळेच कमी पाण्यावर?" त्यावर फळीवाला, कान निम्मे गेलेत म्हणून मोठ्याने, "तळं भरत होतं तेव्हा विचारलंस का, पाणी कुठून येतं?" दोघं-तिघं हसले, मग हसू थांबलं. एक बाई उठली, खालच्या बाजूला जिची वांगी दर उन्हाळ्यात जळतात ती. माझ्याकडे पाहत राहिली आणि बाहेर गेली. ते मला अजून दिसतं आहे. मी फक्त तुमचंच धरून बसले होते.

मोजणीवाल्या मुलीने सगळ्यांसमोर साडेवीस खोडून शाईने चोवीस लिहिलं. शेवटच्या पाळीची ओळ ठेवली. समोर भाऊजींचं नाव, आणि कारणाच्या रकान्यात: पूर्वी दिलेली शिक्षा चुकीच्या मापावर होती. हे वाक्य लिहून घ्यायला मी तासभर भांडले. माझ्याकडून वाटी काढून घेतली. पंचाने ती दोन्ही हातांत धरली आणि पुढे काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून टेबलावर ठेवली, चहाच्या कपांशेजारी. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. पुढे कधीतरी वाटेल.

मग मी एक मागणं केलं. पेटीत घालण्याआधी एकदा शेवटची पाळी सोडा. मुलगी म्हणाली, कोरडा पाट पाणी पितो, मोजमाप चुकेल. म्हणून काल दुपारी आधी पाणी सोडून तळ भिजवून घेतला, आणि आज सकाळी खरी पाळी. छपरीखाली कोण बसणार? फळीवाला म्हणाला, "मी धरलं होतं त्याला. टोले मी देतो."

लग्नातल्या विहिणींसारख्या नटून बाया बघायला येतील असं वाटलं होतं, पण कोणी आलं नाही. बरं झालं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि पाटात उतरले. वरून फळी उचलल्याचा आवाज आला. वाटी सोडली असणार. मी चालायला लागले.

पहिल्या टोल्याला दगडी वळण. दुसऱ्याला वरच्यांची कुंपणं. तिसरा टोला जरा उशिरा आला असं वाटलं, म्हटलं म्हातारा पेंगला की काय. पाणी मागून येत होतं, तसंच, वाळकी पानं ढकलत. मी मागे पाहत नव्हते. चौथ्यापाशी गुडघा बोलायला लागला, मी त्याला म्हटलं, आज नाही. पाचव्याला शेवटचा उतार. तिथे एकदा टाचेला गार लागलं. मी हरले होते, तुझ्या नियमाने. तरी चालत राहिले.

शेवटच्या बांधावर चढून मी वळले. शेतात आता काही नाही. खोडं काढून नेली लोकांनी, आळी मात्र अजून दिसतात, चाळीस गोल खड्डे, ओळीत. भाऊजींच्या आजोबांनी दोरी लावून आखलेले. वारा पडला होता. पाणी शेवटच्या दारापाशी आलं, उंबऱ्याशी अडलं, फुगलं, आणि आत उतरलं. पहिल्या आळ्यात ते पोचलं न पोचलं तोच वरून टोला ऐकू आला.

मी तिथेच बसले. पुढच्या चार वाट्याही मोजल्या. चौदा आळी भिजली. दहाव्या टोल्याला उठून पाणी हौदात वळवलं.

कशासाठी काही मागत नाही. माफ कर असंही लिहिणार नाही, ते तू किती वेळात करशील किंवा करणार नाहीस, ते मोजायला माझ्याकडे काही नाही. या वेळी पाकिटात कागद ठेवलेला नाही. दाभण ठेवलं आहे, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून, हाताला लागेल, जपून उघड. तुझंच होतं ते, तू लग्नात नेलं होतंस आणि माहेरी येताना परत आणलं होतंस, मला नंतर आठवलं.

भाऊजींच्या कानाशी जाऊन, मोठ्याने सांग. सहा.

ताई